आमची वाटचाल : कोऱ्या फाइलपासून लॅराव्हेलपर्यंत

२००९ ला परळला एका पोटमाळ्यावर दोन कॉम्प्युटर टाकून मी आणि माझा कॉलेजचा मित्र, असे दोघांनी वेबसाइट बनवण्याचा धंदा सुरू केला. तेव्हा सगळं हातचं होतं. नोटपॅड प्लस प्लसमध्ये पीएचपीची (साइटचा कोड ज्या भाषेत लिहायचा ती) कोरी फाइल उघडायची, लॉगिन आपलं, कार्ट आपलं, अॅडमिन पॅनेल आपलं, आणि रात्री फाइलझिलाने एकेक फोल्डर सर्व्हरवर चढवायचं. कोडइग्नायटर हे फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडचा सांगाडा, तेव्हाही होतं, पण दुसऱ्याच्या पायावर आपलं घर कशाला बांधा, असं आमचं मत. अजूनही सांगतो, त्या साइट्स पाण्यासारख्या पळायच्या.

मधली वर्षं बरी गेली. २०१४ ला पार्टनर वेगळा झाला.

एप्रिल २०१९. पीएचपी ५.६ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०१८ ला संपला होता, होस्टिंगवाल्याने एका रात्रीत सर्व्हर पीएचपी ७ वर नेला आणि सकाळी आमच्या २३ साइट्स पांढऱ्या फटक. डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स ७ मधून काढूनच टाकलेली, आणि आमच्या प्रत्येक फाइलमध्ये तीच. २०१३ पासून वॉर्निंग येत होती, ती आम्हीच एरर रिपोर्टिंग बंद करून दाबून ठेवली होती. ही चूक माझी, मी मानतो. पण त्याच आठवड्यात जुना पार्टनर आमच्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगत होता की हे लोक सगळं स्वतः लिहितात म्हणून पडलं, माझ्याकडे फ्रेमवर्क आहे. पाच जण गेले. अरे, फ्रेमवर्क काय आपोआप अपडेट होतं का? लॅराव्हेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क, त्याचंही जुनं व्हर्जन सोडून दिलं की सिक्युरिटी फिक्स बंदच होतात. त्याने केलेल्या साइट्स मी नंतर बघितल्यात.

थांबल्या त्या लालबागच्या मिरची गल्लीतल्या काकू. ऐन मसाल्याचा सीझन, तरी म्हणाल्या, "बाळा, तू नीट कर, तोवर मी वहीत लिहिते." नऊ दिवस आम्ही प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) पीडीओ प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये, म्हणजे नव्या पद्धतीत, बदलत बसलो. हाताने लिहिलेलं होतं म्हणून कुठली ओळ कुठे आहे ते पाठ होतं, नाहीतर महिना गेला असता.

नवीन पोरांना एकच सांगतो, लॅराव्हेल जरूर शिका, आम्हीही आता त्यातच करतो, सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटवरून आलेल्या खोट्या फॉर्मपासून बचाव) आणि पासवर्ड हॅशिंग (पासवर्ड वाचता येणार नाही असा साठवणं) रोज नव्याने लिहिण्यात अक्कल नाही. पण आधी एक लॉगिन कोऱ्या फाइलमधून स्वतः लिहा, सेशन, म्हणजे लॉगिन केलेला माणूस साइटच्या लक्षात राहणं, कसं चालतं ते तरी कळेल.

काकूंची वही मग एंट्रीला आमच्याकडे आली, पानांवर तिखटाची लाल बोटं. बेडगी दोन किलो, काश्मिरी एक, लवंगी पाव, आणि प्रत्येक ऑर्डरपुढे कांडपाची तारीख आणि 'भाजून' किंवा 'न भाजता'. आमच्या दहा वर्षांच्या फॉर्ममध्ये हे दोन रकाने कधी नव्हतेच, काकू फोन करून विचारायच्या. त्यांची साइट पहिल्यांदा लॅराव्हेलवर नेली तेव्हा पहिली मायग्रेशन (डेटाबेसमध्ये रकाने बनवणारी फाइल) त्या दोन रकान्यांची लिहिली.