घाटावर म्हणजे नक्की कुठं?

गेल्या आठवड्यात आत्याकडं कराडला जाऊन आलो, तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. आमचं घर चिपळूणजवळ, अंगणातून पूर्वेला बघितलं की सह्याद्री भिंतीसारखा सरळ उभा. लहानपणी वाटायचं, एवढी भिंत चढायची म्हणजे पलीकडं तेवढंच उतरायचं असणार. पण कुंभार्ली घाट चढून एसटी हेळवाकला पोचली की तसला उतार येतच नाही! कोयनानगर, पाटण करत कोयनेच्या काठाकाठानं रस्ता आरामात कराडला जातो आणि कराड साडेपाचशे मीटरवर, चिपळूण जवळपास समुद्राच्या पातळीला. म्हणजे सह्याद्री हा पठारावर आणून ठेवलेला डोंगर नाहीच, तो पठाराचाच तुटलेला काठ आहे. आमची जुनी माणसं 'घाटावर' म्हणतात ते किती बरोबर आहे बघा, 'घाटापलीकडं' कोणीच म्हणत नाही.

आत्या शेतातली काळी माती दाखवत म्हणाली, "पाऊस सगळा तुमच्याकडं पडतो रे, मग माती अशी आमच्याकडंच कशी?"

खरं सांगायचं तर पाऊस पडतो म्हणूनच. खडक दोन्हीकडं एकच, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला काळा फत्तर. ढग या काठाला अडतात, खाली आमच्याकडं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि कराडला हजाराच्याही आत. एवढ्या पावसानं आमच्या खडकातला चुना, सिलिका सगळं धुऊन नेलं, मागं लोखंड आणि ॲल्युमिनियम उरलं, तोच आपला जांभा. म्हणून तर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, कातळ फोडून, बाहेरून माती आणून कलमं लावावी लागतात. वर पाऊस कमी, त्यामुळं चुना मातीतच राहिला, ती चिकण माती ओल धरून ठेवते आणि ऊस, ज्वारी, सगळं देते. मला हे फार भारी वाटतं, की तिथल्या सुपीक जमिनीत आमच्या समोरच्या या भिंतीचा एवढा मोठा हात आहे.

पाण्याचं उलटं झालंय. कोयना कराडला कृष्णेला मिळून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडं जायची, आता तिचं बरंच पाणी धरणातून पोफळीच्या वीजघरात उतरतं आणि आमच्या वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं.

आत्याला परसात हापूसचं कलम लावायचंय. त्या पाणी धरणाऱ्या मातीत मुळं कुजतील अशी भीती वाटते मला, म्हणून पुढच्या खेपेला कलमाबरोबर खड्ड्यात घालायला जांभ्याचा चुरा पण नेतोय, दोन गोणी.