तराजूला न कळलेली तारली

आमच्या कारखान्यात येणारी मासळी माणसांच्या ताटासाठी नसते. ती शिजवायची, दाबायची, सुकवून दळायची. पीठ कोळंबीच्या खाद्यात जातं आणि दाबताना सुटलेलं तेल वेगळं विकलं जातं. तारलीच्या हंगामात नफा असतो तो तेलात. म्हणून गाडी काट्यावर चढली की आधी नमुना माझ्याकडे येतो. ताजेपणा, ओलावा, चरबी तपासायची, आणि भाव त्यावर ठरतो. निदान ठरायला हवा.

नोव्हेंबरची तारली म्हणजे आमची सुगी. पावसाळ्यात अंडी घालून ती रोडावते आणि पावसानंतर किनाऱ्यालगतच्या प्लवकावर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, पोसून अशी लठ्ठ होते, की पोट चिरलं की आतड्यांभोवती पांढरी चरबी दिसते. तव्यावर टाकली तर वरून तेल घालावं लागत नाही. या दिवसांत पंधरा टक्क्यांच्या वर चरबी मी पाहिली आहे. हंगाम नसताना तीच तीन-चारवर येते.

त्या दिवशी आलेला मासा देखणा होता. एकसारखा, सोळा-सतरा सेंटिमीटरचा, डोळे स्वच्छ, कल्ले लाल, बर्फ भरपूर. एजंट उतरल्या उतरल्या म्हणाला, "मॅडम, आज डोळे मिटून पास करा." डोळे मिटून पास करणारे या धंद्यात पुष्कळ आहेत. गाडीच्या वरच्या थरातले चार मासे उचलले की झाला नमुना. मी वरून, मधून आणि तळातून घेते, आणि मासा अख्खा वाटते, डोकं-आतड्यांसकट. कारण यंत्रात तो अख्खाच जातो. समुद्रात तारली खाणारेही ती साफ करून खात नाहीत. आहाराच्या तक्त्यांत आकडे असतात ते बहुधा नुसत्या मांसाचे, त्यांचा सुरमईला काय उपयोग?

वाटलेला मासा १०५ अंशांवर रात्रभर सुकवायचा. चरबीचा माल असेल तर सुकलेली भुकटी गोळा होते, कागदावर ठेवली की तेलाचा डाग पसरतो आणि कागद पारदर्शक होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भुकटी बाहेर काढली तर ती मोकळी आणि कोरडी. कागद जसाच्या तसा पांढरा. सॉक्सलेटला, म्हणजे चरबी काढून मोजायच्या उपकरणाला, लावायच्या आधीच मला अंदाज आला होता. संध्याकाळी आकडे हातात आले: ओलावा ७७, चरबी ३.४.

मॅनेजर म्हणाले, "नोव्हेंबरात ३.४? पुन्हा लाव." त्यांचा यंत्रापेक्षा कॅलेंडरवर विश्वास जास्त. पुन्हा लावलं, तेच आलं. तेवढ्यात तेल वेगळं काढणाऱ्या सेपरेटरवरचा ऑपरेटरच वर आला. हा माणूस एरवी जिना चढत नाही. "तेल कुठं गेलं?" एवढंच विचारलं त्याने.

तेल गेलं नव्हतं, ते आलंच नव्हतं. माशाच्या शरीरात पाणी आणि चरबी मिळून ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरतात. चरबी उतरली की तिची जागा पाणी घेतं. म्हणून मासा हातात घेऊन फारसं काही कळत नाही, लांबी तीच आणि वजनही जवळजवळ तेच. दुधात पाणी घालावं तसा हा प्रकार, फक्त घालणारा कोणी नाही. आता हिशेब करा. प्रथिनं दोन्हींत अठरा टक्क्यांच्या आसपास. पंधरा टक्के चरबीच्या तारलीत शंभर ग्रॅममागे दोनशेवर कॅलरी असतात, या तारलीत शंभरच. म्हणजे खाणाऱ्याला तेवढीच ऊर्जा हवी तर दुप्पट मासे धरायला हवेत, आणि धरण्यात जी ऊर्जा जाते ती वेगळीच.

पैशांसाठी गाडीबरोबर त्या बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे काकाही, आले होते. मॅनेजरसाठी एक सुरमई आणली होती (आमच्याकडे चालतं हे). ती कापायला जागा हवी म्हणून माझ्या सिंकवर आले. पोट तट्ट फुगलेलं. चिरलं तर आत तारलीच तारली, वरच्यांची खवलं अजून चमकत होती. काकांनी त्यातली एक उचलून अंगठ्याने पोट दाबलं. "ह्यात काय नाय मॅडम, पानी हाय नुस्तं. अवंदा सुरमय पन हाताला हलकी लागते." एका सुरमईवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. तरी तिचा तुकडा तपासायचा मोह झाला होता. पण ती मॅनेजरांची होती.

स्कॉटलंडच्या आयल ऑफ मे बेटावरचं एक प्रकरण तेव्हा आठवलं. २००४ साली तिथल्या गिलेमॉट पक्ष्यांचा विणीचा हंगाम पार कोसळला. पिलांना प्रामुख्याने स्प्रॅट हा छोटा मासा भरवला जात होता. नेहमीच्या आकड्यांनी हिशेब केला तर पिलं उपाशी राहायचं कारण दिसत नव्हतं. मग मासाच तपासला, आणि त्यात ऊर्जा अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाली. हा पक्षी पिलासाठी एका खेपेत एकच मासा आणतो. मासा पोकळ असेल तर आईबापांनी करायचं काय?

आपल्याकडे मोजतात ते टन. केरळात २०१२ साली जवळपास चार लाख टन तारली उतरली आणि २०२१ साली साडेतीन हजार टनही नाही, याच्या बातम्या झाल्या आणि व्हायलाच हव्यात. पण टन भरले की सगळे निर्धास्त होतात. शास्त्रज्ञांना हे ठाऊक नाही असं नाही, बंदरावर मात्र रोज वजनच लिहिलं जातं. आमच्या रजिस्टरात चरबीचा रकाना आहे तोही तेलाच्या भावापुरता.

कारण काय असावं, याचा मात्र मला अजून उलगडा होत नाही. उरलेल्या तारल्या चिरून पाहिल्या. अंडाशयं आक्रसलेली, म्हणजे अंडी घालून फार दिवस झाले नसावेत. मग उशिरा विणली म्हणून रोड, असं म्हणता येईल. पण पोटंही जवळपास रिकामी होती. एरवी हिरवट गाळ असतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळं, दिसतात. यात तुरळकच. म्हणजे खायलाच नव्हतं? की खाणं होतं पण बारीक? फ्रान्सच्या दक्षिणेला लायन्सच्या आखातात २००८ च्या सुमारापासून तारलीची नातलग सार्डिन लहान आणि बारीक होत गेली. टाक्यांत प्रयोग केले तेव्हा बारीक दाण्यांवर ठेवलेल्या माशांना तेवढ्याच वाढीसाठी मोठ्या दाण्यांच्या सुमारे दुप्पट खाद्य लागलं. आपल्याकडे तसंच असेल असं म्हणायला माझ्याकडे काही नाही.

एजंटचा भाव कापला गेला. तो चिडून पुढच्या गाड्या दुसरीकडे घेऊन गेला, जिथे प्रयोगशाळा नावापुरती आहे. जाळं कुठे मारलं ते सांगायला तो तयार नव्हता. काकांनी मात्र जाताना हळूच सांगितलं: चौदा वाव खोल पाणी, अमुक डोंगर अमुक दिशेला. तेव्हापासून त्या पाण्यातली मूठभर तारली ते खलाश्याकरवी पाठवतात, मोबदला घेत नाहीत. परवाची ६.२ निघाली. वाढतेय म्हणावं, तर डिसेंबर संपत आला.