तोंडात कापूस असताना दिलेला होकार

दातांचा दवाखाना टाकून काही वर्षं झाली तरी माझी अपॉइंटमेंटची वही अर्धीच भरायची. पाटी लहान आहे, जागा आतल्या बाजूला आहे, अशी कारणं मी शोधत होतो. खरं कारण एका दुपारी खुर्चीत येऊन बसलं.

एक काका. खालच्या दाढेचं रूट कॅनाल मीच केलेलं. कॅप बसवायला ते फिरकलेच नव्हते. आता दाढ उभी चिरली होती, काढण्यावाचून इलाज नव्हता. "कॅपचं सांगितलं होतं की तुम्हाला," मी जरा चिडूनच म्हणालो. "सांगितलं असेल डॉक्टर," काका म्हणाले. "तोंडात कापूस, अर्धा जबडा बधिर. मी हूं म्हणालो. मग दुखायचं थांबलं, म्हटलं झालं."

कीड आणि आत शिरायला केलेली वाट यांनी दाढ पोखरलेली असते, उरलेल्या भिंतींना चावण्याचा जोर पेलत नाही, म्हणून वर कॅप लागते. एवढं साधं वाक्य मी आडव्या झालेल्या माणसाला मास्कमधून पुटपुटत होतो.

तेव्हापासून खुर्ची सरळ असताना, मास्क खाली करून, एक्स-रे दाखवत आधी बोलायचं ठरवलं. सुरुवातीला शेवटी "समजलं ना?" विचारायचो. सगळे मान डोलवायचे. मग प्रश्न बदलला: "घरी विचारलं तर काय सांगाल?" एक आजी म्हणाल्या, "भिंती झाल्या, छप्पर राहिलंय." ते छप्पर मी आजही वापरतो, आजींना न विचारता.

"अजिबात कळणार नाही" म्हणणंही सोडलं. इंजेक्शनने दुखणं थांबतं, दाब जाणवतोच. आणि दाब जाणवला की पेशंटला वाटतं, डॉक्टर खोटं बोलले. आता दाब, पाणी, आवाज सगळं आधी सांगतो, डावा हात वर केला की ड्रिल थांबेल म्हणतो. काही जण नुसतं तपासायला हात वर करतात. तेव्हाही थांबायचं, नाहीतर सगळंच फुकट. आधी सांगा, मग दाखवा, मग करा, ही पद्धत दंतवैद्य अ‍ॅडलस्टन यांनी १९५९ मध्ये लहान मुलांसाठी मांडली. कॉलेजात परीक्षेपुरती पाठ केली होती. मोठ्यांनाही ती लागते हे उशिरा उमगलं.

सगळंच जमलं नाही. आपोआप जाणारे आठवणीचे मेसेज कुणी वाचत नव्हतं, ते बंद केले. त्याऐवजी दाढ काढली की संध्याकाळी स्वतः फोन करतो: रक्त थांबलं का, गोळी घेतली का? दोन मिनिटंही लागत नाहीत.

कॅपसाठी परत येणारे आधी वाढले, नवे पेशंट त्यांच्यामागून आले. काकाही परवा काकूंना घेऊन आले. मी अजून हातमोजेही घातले नव्हते, तर काकूंनी डावा हात वर केला. "असाच ना?"