माझा अनुभव : रिकॉल गाडीचा, ओटीपी मात्र जुन्या मालकाचा

गाडी दुरुस्त होऊन दीड महिना झाला, तरी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचं "मॅडम, सिस्टीममध्ये तुमचं नाव येत नाही" हे वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून सगळं लिहून काढतेय. सेकंडहँड प्लग-इन हायब्रिड (केबल लावून चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल, दोन्हींवर चालणारी गाडी) घेतलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

आमची एसयूव्ही 2021 ची. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या पहिल्या मालकांकडून घेतली. आरसी आमच्या नावावर झाली, विमाही झाला. नंबर एमएच 12 च राहिला, कारण राज्यातल्या राज्यात मालक बदलला तर नंबर बदलत नाही. पार्ल्यातलं रोजचं जाणं-येणं बॅटरीवरच व्हायचं, पेट्रोल पंपावर महिन्यातून एखादी फेरी. जूनमध्ये नणंदेच्या मिस्टरांचा फोन आला, "वहिनी, तुमच्या मॉडेलचा रिकॉल आलाय, बघितलंत का?"

दोष निघाला म्हणून कंपनी गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावते, तो रिकॉल. त्याचं आम्हाला ना पत्र, ना मेसेज. कंपनीच्या साइटवर चॅसिस नंबर टाकला, तर लाल अक्षरांत उत्तर आलं : हाय-व्होल्टेज बॅटरीच्या सेलमध्ये शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते, दुरुस्ती होईपर्यंत चार्ज करू नका, गाडी उघड्यावर, इमारतीपासून लांब लावा.

मुंबईत इमारतीपासून लांब म्हणजे कुठे? आमची गाडी बेसमेंटमधल्या स्टॅक पार्किंगच्या खालच्या कप्प्यात. तिच्या डोक्यावर दुसऱ्याची गाडी, त्यावर पंधरा मजले. मी त्याच संध्याकाळी सेक्रेटरींना जाऊन सांगितलं. "ताई, आत्ताच बाहेर काढा," ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं. लिथियमच्या बॅटरीची आग विझली असं वाटल्यावरही पुन्हा पेटते, आणि बेसमेंटमधून जळती गाडी ओढून काढायची कुणी? चार्जिंगची केबल गुंडाळून माळ्यावर टाकली. गाडी दोन गल्ल्या पलीकडे एका मोकळ्या प्लॉटवरच्या पे अँड पार्कमध्ये, पर्जन्यवृक्षाखाली. पावसाळ्यात मुंबईत झाडाखाली गाडी लावली की रात्री वाऱ्याचा आवाज झाला तरी झोप मोडते. माझे सासरे 82 वर्षांचे, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. भर पावसात त्यांना खाली उभं करून मी गाडी आणायला धावायची.

दुसऱ्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने चॅसिस नंबर टाकला, रिकॉल त्याला दिसत होता. स्क्रीन माझ्याकडे वळवून त्यानेच दाखवला. पण बुकिंगसाठी ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि ग्राहक म्हणून नाव होतं पुण्याच्या मालकांचं. ते तर वर्षापूर्वीच कॅनडाला गेले.

"नाव बदला मग. ही आरसी, हे आधार, हे विम्याचे कागद."

"ते हेड ऑफिसमधून होतं. रिक्वेस्ट टाकतो."

आठ दिवसांनी फोन केला : रिक्वेस्ट रिजेक्ट, कारण जुन्या ग्राहकाचं संमतिपत्र हवं. कॅनडातल्या त्या भल्या गृहस्थांनी रात्री जागून पत्र सही करून पाठवलं. मग कळलं, संमती त्यांच्या नोंदवलेल्या मोबाइलवरूनच हवी, आणि तो नंबर त्यांनी केव्हाच बंद केलेला. मी त्या नंबरवर फोन लावून पाहिला. साताऱ्याच्या एक बाई बोलल्या. बंद पडलेला नंबर मोबाइल कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, तो त्यांना मिळाला होता. "ताई, मला ह्या गाडीचे मेसेज सारखे येतात, मी पुसून टाकते," त्या म्हणाल्या. म्हणजे आगीच्या धोक्याची सूचना गाडीच्या कंपनीने पाठवली होती, ती साताऱ्यात पुसली जात होती! मला तेव्हा रडूच आलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "त्यांनाच ओटीपी विचारा ना." मी नाही विचारला. अनोळखी बाईकडे ओटीपी मागायचा आणि तिने तो द्यायचा, ही सवय मी लावणार नाही.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी एकच प्रश्न धरून बसले. रिकॉल गाडीवर आहे की माणसावर? सदोष बॅटरी ह्या सतरा अक्षर-आकड्यांच्या चॅसिसमध्ये आहे. उद्या गाडी चौथ्या माणसाकडे गेली तरी ती तिथेच असणार. वॉरंटी संपली तरी रिकॉलचं काम फुकट करायचं असतं. मग मालकाच्या मोबाइलचा संबंध येतो कुठे? मॅनेजर आले, पाणी दिलं, "समजतंय मॅडम" म्हणाले, आणि पुन्हा रिक्वेस्ट टाकली. मी म्हटलं, ह्या वेळी "तुम्ही मला परत पाठवताय" हे लेखी द्या. त्यांनी दिलं नाही.

मग घरी येऊन जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कंपनीला ई-मेल. विषयात चॅसिस नंबर आणि "आगीचा धोका, दुरुस्ती नाकारली". सोबत आरसी, साइटवरचा स्क्रीनशॉट, तिन्ही भेटींच्या तारखा. त्याच दिवशी 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि तिचा नंबर दुसऱ्या मेलमध्ये. कायदाही वाचून काढला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 110-ए मध्ये रिकॉल आहे, त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना ते लागतात, आणि सरकारला सक्तीने रिकॉल करायला लावावं लागलं तर कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होतो. वाहनमालक स्वतः सरकारच्या "वाहन" पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवू शकतो. हेही मेलमध्ये लिहिलं. धमकी म्हणून नाही, मला माहीत आहे एवढं कळावं म्हणून.

पाचव्या दिवशी हेड ऑफिसमधून एका मॅडमचा फोन आला. त्यांनी चॅसिस नंबरवरूनच जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीच्या कामाची नोंद, उघडलं. ओटीपी लागलाच नाही. म्हणजे रस्ता होता, काउंटरवर कुणाला तो माहीत नव्हता किंवा सांगायचा नव्हता. गाडी दोन दिवसांत झाली. बॅटरीचं एक मॉड्यूल (सेलचा एक गट) बदललं, सॉफ्टवेअर टाकलं. जॉब कार्डवर रिकॉलचा क्रमांक आणि "पूर्ण" असं लिहून घ्या, गाडी विकताना लागतं.

चार्ज करू नका म्हटलं की गाडी पेट्रोलवर चालतेच, घाबरायचं कारण नाही. पण ती बॅटरीचं वजन घेऊन चालते, पेट्रोल पाण्यासारखं जातं. आणि "एकदाच रात्री चार्ज केलं तर काय होतंय" असं माझ्या नवऱ्यालाही वाटलं होतं. नाही म्हणजे नाही. 2020 मध्ये युरोपात फोर्ड कुगाच्या मालकांनाही चार्ज करू नका सांगून महिनोन्महिने थांबवलं होतं, आणि अमेरिकेत 2025 च्या नोव्हेंबरमध्ये जीपच्या सुमारे 3,20,000 प्लग-इन गाड्या परत बोलावल्या, तेव्हाही गाडी बाहेर लावा हेच सांगितलं.

राहिलंच. सेकंडहँड घेणाऱ्यांनी आरसी हातात आली की त्याच आठवड्यात कंपनीच्या नोंदीतही नाव-मोबाइल बदलून घ्या. आरटीओत झालेला बदल कंपनीकडे आपोआप पोचत नाही. जुने मालक भेटतात तोवरच हे सोपं असतं. आणि पुढच्या काचेखालची चॅसिस नंबरची पट्टी पुसून फोटो काढून ठेवा. आमची पानांच्या चिखलाने भरली होती, छत्री खांद्यावर धरून नखाने खरवडावी लागली.

41 दिवसांच्या पार्किंगच्या पावत्या तारखेनुसार लावून कंपनीला पाठवल्या आहेत. "विचाराधीन" एवढंच उत्तर आलंय. दर सोमवारी सकाळी मी त्याच मेलवर पुन्हा विचारते.