बोटांना कळणारे कपडे

रेडिमेड शर्टाच्या मानेमागे शिवलेली कापडी पट्टी टोचते, म्हणून अनेक उत्पादकांनी ती काढून टाकली आणि तोच मजकूर थेट कापडावर छापायला सुरुवात केली. बहुतेकांची त्यामुळे सोय झाली. परंतु ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कपड्याची मागची बाजू ओळखण्याची एक खात्रीची खूण त्या पट्टीबरोबरच नाहीशी झाली. मी शिवणकाम शिकवते, आणि माझ्या मावशीची दृष्टी मधुमेहामुळे हळूहळू गेल्यापासून असे लहान बदल मला ठळकपणे जाणवू लागले आहेत.

या प्रश्नावर सर्वांत आधी सुचवला जातो तो ब्रेल पट्टीचा उपाय. लहानपणापासून ब्रेल वाचणाऱ्याला रंग आणि माप सांगणारी अशी पट्टी निश्चितच उपयोगी पडते. मात्र उतारवयात दृष्टी गेलेल्या पुष्कळांना ब्रेल येत नाही, शिवाय मधुमेहात बोटांची संवेदनाही कमी होऊ शकते, आणि मग जेमतेम अडीच मिलिमीटर अंतरावरचे ठिपके वेगवेगळे लागत नाहीत. म्हणून मावशीसाठी आम्ही बटणांची खूण ठरवली. परकराच्या नेफ्याला, ब्लाउजच्या आतल्या पट्टीला आणि साडीच्या आतल्या टोकाला एकाच आकाराचे चपटे बटण लावले, की तो जोड एकमेकांचा आहे हे तिला कोणाला न विचारता कळते. चौकोनी बटणाचा जोड निळा आणि गोल बटणाचा हिरवा, एवढे तिच्या सहज लक्षात राहते.

साडी नेसताना मात्र तिला फारशी मदत लागत नाही. फॉलवर हात फिरवला की खालची कड आणि आतली बाजू दोन्ही कळतात, जरीच्या काठावरून आणि पदराच्या विणीवरून साडी कोणती हेही तिला समजते. फॉल या हेतूने कोणी लावत नाही, तरीही स्पर्शाने वापरता येणाऱ्या रचनेचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे सुचत नाही. कुर्त्याच्या मागच्या गळ्याला आतून चार जाड टाके घातले तरी हेच काम साधते, आणि ते कोणाला टोचत नाहीत.

दृष्टी गमावलेल्या अनेकांना थोडेफार दिसतही असते. त्यांच्यासाठी काळ्या शर्टाला काळीच बटणे आणि काळ्याच दोऱ्याची काजे असली, तर बटण लावणे अकारण अवघड होते. काजाचा दोरा फिकट घेतला तरी पुरेसा फरक पडतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४३ मध्ये सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या निर्मितीला शासनाने चालना द्यावी, असे म्हटले आहे. कपडा ही रोजच्या वापराची वस्तू असूनही शिवणवर्गांत याचा विचार अभावानेच होतो. ऑनलाइन दुकानांतही फोटोखाली ‘आकर्षक निळा कुर्ता’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी संगणकप्रणाली) वापरणाऱ्याला तेवढेच ऐकू येते. कापड सुती की रेशमी, बाही कोपरापर्यंत की मनगटापर्यंत, खिसा कोणत्या बाजूला, भरतकाम हाताला लागते की नाही, हे चार ओळींत लिहिणे कोणत्याही विक्रेत्याला आजही शक्य आहे.