वाऱ्याकडची कड : आमची वाटचाल

दोन शिलाई मशिनींवर सुरुवात केली तेव्हा मला वाटायचं, राष्ट्रध्वज म्हणजे रंग बरोबर आले की झालं. पहिल्या मोठ्या ऑर्डरमधले झेंडे तीन आठवड्यांत परत आले. रंग जसेच्या तसे, पण खांबापासून लांबच्या कडेच्या पार दशा झालेल्या. वाऱ्यात ते टोक चाबकासारखं फटके मारत असतं आणि सगळा मार त्या चार बोटं कापडावर पडतो. खरा धंदा आम्हाला त्या परत आलेल्या गठ्ठ्यानं शिकवला.

आम्ही साखळी टाका घातला होता. काम भराभर होतं, पण एक टाका तुटला की अख्खी शिवण उसवत जाते. तेव्हापासून फक्त लॉकस्टिच, म्हणजे वरचा आणि खालचा धागा एकमेकांत अडकवणारा टाका. लांबची कड दोनदा दुमडून तिच्यावर चार ओळी शिवण, दोन्ही कोपऱ्यांना त्रिकोणी जोड, धागा पॉलिएस्टरचा. सुती धागा पावसात कुजतो. पॉलिएस्टरचं कापड तापल्या सुरीनं कापतो, म्हणजे कड वितळून बंद होते. खांबाकडे कॅनव्हासची पट्टी आणि दोरी ओवायला पितळी आयलेट, म्हणजे भोकाला बसवलेली कडी.

पुढे छपाई घेतली. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो, म्हणून रंग आरपार उतरावाच लागतो. मागून आकृती उलटी दिसली तरी बहुतेक झेंड्यांना चालतं. सौदी अरेबियाच्या झेंड्यावरचा कलमा मात्र दोन्हीकडून सुलटाच वाचता आला पाहिजे, म्हणून दोन कापडं पाठीला पाठ लावून शिवतो.

“सगळे एकाच मापाचे करा,” असं ग्राहक सांगतात. आम्ही उंची सारखी ठेवतो, लांबी ज्याची त्याची. स्वित्झर्लंडचा चौरस, भारताचा 3:2, ब्रिटनचा दुप्पट लांब, कतारचा त्याहूनही लांब. ताणून बसवलेला झेंडा मला बघवत नाही.

सगळ्यात अवघड नेपाळचा. त्याच्या दोन कडा तिरप्या आणि तिरपं कापलेलं कापड हात लागला तरी ताणतं. मग निळ्या किनारीला लाटा येतात. म्हणून कापड कापून रात्रभर टांगून ठेवतो, सकाळी कड पुन्हा सरळ करतो, किनार आधी कच्च्या टाक्यांनी हातानं बसवतो. दोन त्रिकोण मिळतात त्या आतल्या कोनाशी सुई कापडात रुतलेली ठेवायची, कापड दाबून धरणारा मशीनचा पाय उचलायचा, कापड फिरवायचं, पाय खाली घ्यायचा. हा कोन अजून आम्ही नव्या हाताला देत नाही.