आत्याचं माळवद, तेर

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला येणारा माणूस संत गोरोबाकाकांच्या समाधीला हात जोडतो, लामतुरे वस्तुसंग्रहालय बघतो, वेळ उरलाच तर त्रिविक्रमाच्या विटांच्या देवळाला चक्कर मारतो आणि परतीची एसटी धरतो. मी मात्र यंदा दोन दिवस आत्याच्या घरातच रेंगाळलो. ते पाडून स्लॅब टाकायचं चाललंय.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या पुस्तकात त्याचा पत्ता आहे: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट. इथलं कापड गाड्यांत भरून भडोच बंदरात जायचं आणि तिथून जहाजावर चढायचं. कुठं समुद्र, कुठं तेरणेचा काठ! पण तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीची बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीत, पाँपेईत निघाली. पाँपेई राखेखाली गेलं इ. स. ७९ मध्ये. म्हणजे बघा.

आत्याचं घर असं काही थोर नाही. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, ढाळज (दाराजवळची बैठक), ओसरी, मधे खांबांवर पेललेली तुळई. तुळईवर सरे (आडव्या कड्या), सऱ्यांवर किलच (लाकडाच्या चिपा), त्यावर पाला आणि सगळ्यांच्या वर पांढरी माती. हे असं मातीचं सपाट छत म्हणजे माळवद. एप्रिलच्या उन्हात बाहेर पाय भाजत होते आणि आत मी चादर ओढून झोपलो होतो. साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, पडलेला उजेडाचा चौकोन दिवसभर जमिनीवरून सरकत राहतो. आत्या त्यावरून चहाची वेळ सांगते आणि चुकत नाही.

सगळी गोष्ट आहे ती या पांढऱ्या मातीत. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. पूर्वी घर बांधायला, माळवदावर टाकायला लोक तिथूनच माती आणायचे. खणताना मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर यायच्या. रामलिंगप्पा लामतुरेंनी गावात फिरून अशाच वस्तू जमवल्या, म्हणून तर ते संग्रहालय उभं राहिलं. उरलंसुरलं कुठं गेलं? भिंतीत आणि डोक्यावर.

दिवळीच्या खाली पोपडा निघाला होता तिथं मी बोटानं उकरलं. अंगठ्याएवढं तांबडं खापर होतं, एका बाजूनं अजून गुळगुळीत. कुणाच्या घरातलं, कधीचं, ते मला कळणार नाही. मी काही पुरातत्त्ववाला नव्हे.

"त्ये काय करतूस? आधीच भिंत ढासळायलीय," आत्या ओरडली.

"आत्या, हे जुनं आहे."

"मी बी जुनीच हाय की. माळवदावर माती टाकायला माणूस मिळंना. गेल्या पावसात सयपाकघरात चार पातेली मांडली व्हती."

यावर काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर घर पाडायला निघालेल्या आतेभावाला मी दोष देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. लातूर-धाराशिव भागात हजारो माणसं झोपेत गेली, ती बहुतेक अशाच घरांत. दरवर्षी गळतीसाठी नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही. छताचं वजन वाढत जातं आणि मातीत रचलेले गोल दगड ते पेलत नाहीत. त्यानंतर कितीतरी गावांनी माळवदाकडे पाठ फिरवली. आज जुन्या घराचं कौतुक करायला शहरातून येणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) हे विसरू नये.

तरी मन मानेना. त्रिविक्रमाच्या देवळाला सरकारी पाटी आहे. या घराला घरपट्टीची पावती. जेसीबी लागला की दुपारपर्यंत सगळी माती ट्रॉलीत आणि ट्रॉली ओढ्यात. भावाला मी एवढंच म्हटलं, "पाड, पण आधी मापं घेऊ, फोटो काढू, तुळया विकू नको. आणि माती ओतण्याआधी संग्रहालयात विचारून ये."

"विचारतो," तो म्हणाला. गावाकडं 'विचारतो'चे दोन अर्थ होतात.

निघताना ते खापर आत्याला दिलं. तिनं पदरानं पुसलं, उजेडात धरलं, आणि शेणमातीचा गोळा आणून परत त्याच खळग्यात बसवून टाकलं. "पाडंस्तोवर भिंत तर नीट दिसू दे," म्हणाली, आणि हात धुवायला न्हाणीत गेली.